उघड्या नळीचा बंब

प्रिय इंदू,

आज सकाळी शैलाला तिच्या सासरची माणसं घेऊन गेली. बारशाच्या आधी! ओली बाळंतीण, बाळाला अजून नाव नाही, आणि पोरगी माहेरातून सासरी. असं कधी ऐकलंयस का तू? मीही ऐकलं नव्हतं. टॅक्सी बांधाकडच्या गाडीवाटेनं हलत हलत गेली, डांबरी रस्त्याला लागली, आणि मी इथं हातात तांब्या घेऊन उभा राहिलो.

हे सांगू कुणाला? कामावरच्या माणसांना सांगितलं तर म्हणतील, बरं झालं आबा, सुटलासा. तुझ्या भावाला सांगायची सोय नाही, तो आधीच माझ्यावर नाराज आहे. म्हणून पाठकोऱ्या कागदावर तुलाच लिहायला बसलो. तू वाचणार कशी, हे मला विचारू नकोस. माझं अक्षर तुला तसंही कधी लागलं नाही.

आपला डबा आहे तिथंच आहे, कसबा बावड्याच्या बाहेर, दस्तगीरभाईंच्या मळ्याच्या बांधाला. कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, दिवसभर मळीचा वास येतो. रस्त्याचं काम संपलं की रोलरच्या मागं जोडून हा चार चाकांचा लाकडी डबा पुढच्या कामावर न्यायचा, असं करत आपला सगळा संसार झाला. बाकीचे ड्रायव्हर बायकोला गावी ठेवायचे. तू मात्र लग्नानंतर पहिल्याच मोसमात ट्रंक घेऊन डब्यात चढलीस ती उतरलीच नाहीस. मलकापूरच्या रस्त्याला असताना एका म्हातारीनं तुला विचारलं होतं, "पावणं, घर कुठलं म्हनायचं तुमचं?" तू म्हणालीस, "आज हितं, उद्या तितं. चाकं हाईत घराला." म्हातारीला ते पटलं नाही. मला ऐकताना फार बरं वाटलं होतं, पण मी तसं बोललो नाही.

वाफेचा रोलर होता तोवर आपल्याला गरम पाण्याची ददात नव्हती. संध्याकाळी काम थांबलं की बॉयलरखालून बादली भरून घ्यायची, झालं. मग तो रोलर भंगारात गेला आणि डिझेलचा आला. मी आठवडाभर तोंड पाडून बसलो होतो, घरातलं माणूस गेल्यासारखा. आणि तू काय विचारलंस? "मग आता आंगुळीच्या पान्याचं काय?"

त्याचं उत्तर तूच शोधलंस. तुझ्या वडिलांनी उभा जन्म बंब घडवले. त्यांनी तुझ्यासाठी म्हणून ठेवलेला तांब्याचा बंब तू माहेरून आणलास आणि डब्याच्या मागच्या फळीवर बसवलास. टपावर पाण्याचं पिंप चढवलंस. पिंपातून एक नळी खाली बंबाच्या बुडाशी, तिला तोटी. बंबाच्या माथ्यावरून दुसरी नळी भिंतीतून आत मोरीत, तिला तोटी नाही, नुसतं उघडं तोंड. खालची तोटी सोडली की गार पाणी आत शिरणार आणि वरचं कढत पाणी मोरीत ढकललं जाणार. किती सोपं होतं ग! इतकं सोपं, की मी कधी नीट बघितलंच नाही.

दिव्याचंही तसंच. तुझ्या भावाचं, वसंताचं, उद्यमनगरात मोटारींच्या वायरिंगचं दुकान. त्याच्याकडं चार दिवस बसून तू शिकून आलीस. बाकाखाली ट्रकची जुनी बॅटरी, दिवसा ती रोलरच्या डायनामोवर भरायची, संध्याकाळी डब्यात दोन दिवे आणि रेडिओ. एका जागी मुक्काम लांबला की मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून लाइनीची वायर आणायची, तिचा दिवा वेगळा. बॅटरीच्या तारांना तू जुन्या लुगड्याचा हिरवा दोरा बांधायचीस आणि लाइनीच्या तारांना तांबडा. मला बजावायचीस, "अवं, तांबड्याला वल्या हातानं शिवू नगासा." मी म्हणायचो, "मी कशाला शिवतोय!" आणि खरंच कधी शिवलो नाही. बाहेर दहा टनांचं धूड हाकायचं आणि घरात आल्यावर पाटावर बसून गरम पाण्याची वाट बघायची, एवढंच मला माहीत.

तू मला शिकवलं का नाहीस? इतकी वर्षं मागची फळी म्हणजे तुझं राज्य. मी जवळ आलो की म्हणायचीस, "तुमचं इंजान तिकडं हाय, जावा." मीही जायचो. बायकोनं हुसकलं की पळायला कुठल्या नवऱ्याला आवडत नाही?

दवाखान्यात शेवटी शेवटी तुझ्या डोळ्यांत हळदीसारखा रंग उतरला होता, बोलताना धाप लागत होती, तरी तुझं घोडं तिथंच. शैलाला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. "पयलं बाळंतपन डब्यातच करायचं. पोरीला म्हायेर हाय ह्ये तिच्या सासूला दिसाय पायजे. बाकी काय बी कमी पडू दे, पानी कढत पायजे." मी हो म्हणालो. मग तू बंबाचं सांगायला लागलीस, "त्याची वरची नळी हाय न्हवं..." आणि मी तुला गप्प केलं. म्हणालो, राहू दे आता, बरी झालीस की दाखव. तुझा जीव दमू नये म्हणून म्हणालो, इंदू. देवाशपथ, तेवढ्याचसाठी.

तू बरी झाली नाहीस.

तेराव्यानंतर माझ्या अक्कानं डबा घासून पुसून लख्ख केला. तारांना बांधलेले दोरे बघून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, कुणीतरी करणी केली आणि म्हणून तू गेलीस. सगळे दोरे कात्रीनं कापून, कागदात गुंडाळून, ती स्वतः चालत जाऊन पंचगंगेत सोडून आली. परत आली तेव्हा म्हणाली, "आता काय भ्या न्हाई तुला." रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मी तिला चहा करून दिला. दोरे गेले म्हणजे काय गेलं, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. एकट्या माणसाला कंदील पुरतो. आणि अंघोळ तर तू गेल्यापासून मी गारच करत होतो.

मग शैलाचे दिवस भरत आले. विहीणबाई स्वतः आल्या होत्या सांगायला. बाई सरळ आहेत, तुला वाटायचं तशा नाहीत. म्हणाल्या, "घरात बाईमानूस न्हाई, थंडीचं दिस. आमीच करतो की बाळंतपन. तुमी येऊन बगून जावा." मी छाती काढून म्हणालो, "न्हाई. तिच्या आईचा शबूद हाय." शैला त्यांच्या मागं उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, इंदू, की मला वाटलं, मी अजून एखादा डोंगर सपाट करून देईन.

पोरगी झाली. तुझ्यासारखं कपाळ आहे, मोठं, आणि रडतानाही तुझ्यासारख्याच आठ्या पडतात. दवाखान्यातून आणलं तेव्हा मी डबा सजवून ठेवला होता. बाज घातली, खाली शेगडी, वेखंड, ओवा, डिंकाचे लाडू, सगळं. दस्तगीरभाईंच्या मुमताजभाभी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला यायच्या ठरल्या. राहिले फक्त दिवे आणि पाणी.

दिव्यांचं आधी सांगतो. दिवेलागणीला शैला म्हणाली, "आबा, कंदिलाच्या उजेडात बाळाचा रंग कळत न्हाई, कावीळ हाय का बगायला सांगितलंय. दिवा लावा की." कावीळ हा शब्द ऐकला आणि तुझे हळदीसारखे डोळे आठवले. तारा घेऊन बसलो. सगळ्या एकसारख्या काळ्या! कुठली बॅटरीची, कुठली मळ्यातली, काही कळेना. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि जोडल्या. जिथं बॅटरीचा दिवा होता तिथं लाइन गेली. फट्कन आवाज, दिवा फुटला, काचा पार बाजेपर्यंत, आणि दस्तगीरभाईंच्या मोटारीचा फ्यूज उडाला. उसाचं पाणी थांबलं. शैला बाळावर वाकली होती. मी काचा वेचत होतो आणि ती विचारत होती, "आबा, रोलरचं दिवं लागत्यात की तुमच्या, मग घरातलं का लागंना?" काय सांगू? रोलरचा दिवा बिघडला की वायरमन येतो. घरातल्या दिव्याला वायरमन तू होतीस.

मग मी कंदिलाच्या उजेडात तोंड खाली घालून बसलो. सकाळी उन्हात बाळाला बघितलं. कावीळ नव्हती.

आता पाण्याचं. 

पहिले दोन-तीन दिवस बंब चांगला चालला. मी जाळ घालायचो, भाभी हाक मारायच्या, "सोडा पानी," मी मागं जाऊन खालची तोटी सोडायचो, आत कढत पाणी यायचं. मला तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं होतं. फक्त एक गोष्ट खटकायची. बंब तापायला लागला की वरच्या नळीतून मोरीत टपटप पाणी गळायचं. अंघोळीच्या आधीच! मोरीची जमीन ओली, तिथून गारठा बाजेपर्यंत. आणि गरम पाणी फुकट जातंय, हे माझ्यासारख्या वाफेच्या माणसाला बघवेना. बॉयलर गळायला लागला की आमच्यात ड्रायव्हरची अब्रू जाते. मी म्हटलं, एवढी हुशार बाई, पण ह्या नळीला तोटी बसवायची विसरली!

बाजारातून चांगली पितळी तोटी आणली. नळीच्या तोंडाला घट्ट बसवली. सुतळी, सफेदा, सगळं बेतशीर. गळणं थांबलं. मोरी कोरडी झाली. मी शैलाला बोलावून दाखवणार होतो, पण ती बाळाला पाजत होती, म्हणून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ घातला. वरची तोटी बंद, खालचीही बंद. सांग मला, इंदू, ज्यानं निम्मं आयुष्य वाफेच्या काट्याकडं बघण्यात घालवलं, त्याला हे कळू नये? पण बंबाकडं मी कधी बॉयलर म्हणून बघितलंच नव्हतं. माझ्या लेखी बॉयलर म्हणजे इंजिन, आणि बंब म्हणजे घरातलं भांडं. भांड्यात कसली आलीय वाफ!

मी पुढच्या पायरीवर दात घासत होतो. मागून सूं सूं ऐकू आलं. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. आणि मी पळालो! कुठं? रोलरकडं! डिझेलचा रोलर, आदल्या दिवसापासून गार पडलेला, आणि मी त्याच्यावर चढून वाफ सोडायचा दांडा शोधतोय, जो त्या यंत्राला कधी नव्हताच. तेवढ्यात मागं बंब फुटला. तुझ्या वडिलांनी सांध्याला दिलेला डाग उभाच्या उभा उसवला. कढत पाणी जाळावर पडलं, राख आणि वाफ फळ्यांच्या फटींतून आत घुसली. आत शैला. आत बाळ. भाभींनी शैलाला न्हाणीसाठी उठवलं नव्हतं अजून, बाळ अंगड्यात गुंडाळलेलं होतं, एवढंच आपलं नशीब.

मी आत गेलो तेव्हा डबा पांढरा झालेला. शैला कोपऱ्यात बाळाला पोटाशी धरून बसली होती, केसांवर राख. मग मोरीकडं बघून हळूच म्हणाली, "आबा, त्या नळीला तोटी कुणी लावली?"

"मी. गळत हुतं."

"ती गळायचीच असती, आबा. आई म्हनायची, तापल्यावर पानी फुगतं, त्येला भाईर पडाय वाट पायजे. वाटी ठेवायची खाली. त्याच पान्यानं ती माजं तोंड धुवायची."

वाटी ठेवायची! मोरीतल्या खिळ्याला कायम अडकवलेली ती पितळी वाटी मी रोज बघत होतो, इंदू. मला वाटायचं, ती तेलाची आहे.

पुढचे दिवस कसे गेले ते तुला सांगवत नाही. वसंता येऊन फुटका बंब रिक्षात घालून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "दाजी, बाबांच्या हातचा बंब तुमी फोडलासा." एवढंच म्हणाला. भाभी त्यांच्या चुलीवर पाणी तापवायच्या आणि मी बादल्या घेऊन बांधावरून यायचो. थंडीतला वारा, ओला बांध, मी घाई करायचो तर पाणी सांडायचं, सावकाश यायचो तर निवायचं. डब्यात येईपर्यंत कोमट. शैला म्हणायची, चालतंय आबा. तिला रात्री हुडहुडी भरायची आणि ती ते माझ्यापासून लपवायची.

काल विहीणबाई बारशाची बोलणी करायला आल्या. पायरी चढल्या, कंदील बघितला, भिंतीवरची राख बघितली. मी बादली घेऊन आलो तशी त्यांनी पाण्यात दोन बोटं बुडवली. मला वाटलं, आता बोलतील. बोलाव्यात असं वाटत होतं. कुणीतरी मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. पण त्यांनी पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "राग मानू नगासा, दादा. उद्या पोरीला न्हेतो आमी. बारसं तिकडंच करू. तुमी लई केलासा. एकला बापई मानूस आनी काय करनार?"

काय करणार! मी नुसती मान हलवली. तुझा शब्द माझ्या हातून तसाच खाली पडला आणि मी तो उचललासुद्धा नाही.

आज निघताना ओटी भरायची वेळ आली. नारळ, तांदूळ, खण, सगळं मी ताटात काढून ठेवलं होतं, पण ओटी भरायला बाई कोण? अक्का गावी. आणि शैलाच्या ओटीवर पहिला हक्क सासूचा नव्हे, माहेरचा. मी ताट धरून उभा. मग मुमताजभाभीच पुढं आल्या. म्हणाल्या, "इंदूनं माज्या सलमाची भरलीती की. आना हिकडं." शैलाचा पदर विहीणबाईंनीच सारखा केला.

शैला माझ्या पाया पडली. बाळाच्या तोंडावर दूध ओघळलं होतं. तिनं सवयीनं म्हटलं, "आबा, थोडं गरम पानी द्या की, तोंड पुसतो हिचं." आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. माझ्याही. मी तांब्या घेऊन भाभींच्या घराकडं धावलो. चूल नुकतीच पेटत होती. पाणी कोमट व्हायच्या आत टॅक्सीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. परत आलो तेव्हा ती गाडीत बसलेली, बाळाचं तोंड कोरड्या पदरानं पुसून झालेलं. म्हणाली, "येतो, आबा." नेहमी विचारते, न्यायला कधी येताय. आज विचारलं नाही.

दुपारी वसंता बंब घेऊन आला. डाग देऊन, आतून कल्हई करून, चकचकीत. फळीवर बसवला. पहिलं काम काय केलं असेल तर वरची ती तोटी पिळून काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती बांधावरच्या पिंपळाच्या बुंध्याकडं भिरकावली. बॅटरीच्या तारांनाही त्यानं दोरे बांधून दिलेत, पण त्याच्याकडं हिरवा नव्हता, पांढरा आहे. मी लक्षात ठेवीन.

तो गेल्यावर मी बंबात पाणी भरलं आणि जाळ घातला. का घातला, मला सांगता येत नाही. थोड्या वेळानं नळी गळायला लागली. वाटी ठेवली. मग खालची तोटी सोडली, आणि मोरीत पाणी आलं, इंदू! असं कढत, असं वाफाळतं, की हात लावून धरवेना. पाट मांडलेला, शिकेकाई भिजवलेली, शैलाची दोरीवर विसरलेली परकराची नाडी लोंबतेय, आणि मोरीत कुणी नाही. मी नुसता बघत उभा राहिलो. पिंप रिकामं होईस्तोवर पाणी वाहून गेलं. बंद करायचं मला सुचलंच नाही.

आता काय वचन देऊ तुला? एक दिलं होतं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. तरी देतो, कारण दुसरं काही हातात नाही. त्या नळीचं तोंड मी पुन्हा कधी बांधणार नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी बंब पेटवत जाईन, म्हणजे डाग धरून आहे का ते कळेल आणि माझा हात बसेल. शैला आली तर पाण्यावाचून तिचं अडणार नाही. आली नाही तरी पेटवीन. वाटीत पडेल तेवढ्या पाण्यानं मी माझं तोंड धुवीन. तेवढं मला येतं.

तू कधी माझं नाव घेतलं नाहीस. म्हणून इथंही तुझ्या हाकेचंच लिहितो.

तुझाच,
अवं